कादंबरीतला पोस्टमन

मराठी कथा-कादंबऱ्यांतील पात्रांची कोणी मोजदाद करावयास बसले, तर नायक-नायिकांच्या खालोखाल ज्याला पाट मांडावा लागेल असा इसम म्हणजे पोस्टमन. त्याला बहुधा नाव नसते, त्याच्या बायकामुलांची चौकशी कोणी करीत नाही, तो दोन ओळींत येतो आणि जातो. पण त्याच्या येण्यावाचून कथानक पुढे सरकत नाही. भर दुपारी त्याने ओसरीवर कार्ड टाकले, की नायिकेचे ठरलेले लग्न मोडते. ओढ्याला पूर आला म्हणून त्याला दोन दिवस उशीर झाला, की नायक गैरसमजाने घर सोडून जातो. आणि त्याच्या हातात तार असली, तर ती फोडण्यापूर्वीच घरात रडारड सुरू होते. मुलगा झाल्याची किंवा पास झाल्याचीही तार लोक करीत असत, याचा त्या क्षणी सर्वांना विसर पडलेला असे.

हा इसम आता गोष्टीतून जवळजवळ निवृत्त झाला आहे. 31 जुलै 1995 रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये आपल्या देशातले पहिले मोबाइल संभाषण झाले. आणि 14 जुलै 2013 च्या रात्री सरकारी तारसेवेने दिवा मालवला. या दोन तारखांमध्ये अठराच वर्षे आहेत. तेवढ्यात आजी, आई आणि नात यांचे एकमेकींशी बोलणे मुळापासून बदलले. आमच्या कथालेखकांनी या बदलाकडे कसे पाहिले, एवढाच येथे प्रश्न आहे.

पाहिले कमी आणि उसासे टाकले फार, असे माझे मत आहे. फराळाच्या ताटात जसा चिवडा, तसा दिवाळी अंकात ‘पत्र हरवले’ या विषयावर एक लेख असतोच. त्यात अक्षराचे वळण येते, शाईचा वास येतो, ट्रंकेच्या तळाशी दोऱ्याने बांधलेला जुना गठ्ठा येतो. कथाकारांची तऱ्हा थोडी निराळी. गैरसमजावर उभी असलेली गोष्ट त्यांना सोडवत नाही. पण पात्रांच्या खिशात मोबाइल असल्यावर गैरसमज टिकावा कसा? मग ऐन वेळी बॅटरी संपते. नाहीतर घाटात रेंज जाते. आणि हेही नको असेल, तर सगळी गोष्टच उचलून 1985 सालात नेऊन ठेवतात. म्हणजे फोनचा काटा परस्पर निघतो. बॅटरी एखाददुसऱ्या कथेत संपली तर चालेल. प्रत्येकच कथेत संपू लागली म्हणजे संपले आहे ते बॅटरीतले नव्हे, लेखकातले काहीतरी, असा वाचकाला संशय येतो.

पत्राने आमच्या वाङ्मयाला काय दिले, हे मी नाकारीत नाही. वामन मल्हार जोशी यांची ‘इंदू काळे व सरला भोळे’ (1934) ही कादंबरी पत्रांतूनच सांगितलेली आहे. पात्रे एकमेकांना लिहितात, आणि कला, नीती, संसार यांवरचे विचार मांडता मांडता नकळत स्वतःलाच उघडी करतात. लिहिणाऱ्याला जे सांगावयाचे असते त्याहून निराळेच काही वाचकाला दिसते, ही त्या रीतीतली गंमत. समोरासमोरच्या बोलण्यात हे साधत नाही. तेथे दुसरा माणूस मध्येच तोंड घालतो. पत्रात कोणी अडवीत नाही, म्हणून माणूस वाहवत जातो. आणि वाहवत गेलेला माणूस कादंबरीकाराला हवाच असतो.

श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (1968) या कादंबरीमागे जी खरी हकीकत आहे, तिच्यात तर टपाल अगदी मध्यभागी आहे. गोपाळराव जोशी स्वतः टपालखात्यात नोकरीला. पत्नीच्या शिक्षणासाठी त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापले गेले. 1880 साली ते न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या नजरेस पडले, आणि त्यातून आनंदीबाईंना परदेशात एक मायेचे माणूस मिळाले. 1883 साली त्या नवऱ्यावाचून बोटीत चढल्या. त्यानंतर काही काळ या नवराबायकोचा संसार आगबोटींनी नेल्या-आणलेल्या कागदांवर चालला. रागाचे पत्र इकडून निघावे, ते पोचेपर्यंत लिहिणाऱ्याचा राग निवून जावा, आणि वाचणारीने मात्र आज, नव्याने, त्या शब्दांनी होरपळावे! कालचा माणूस आजच्या माणसाशी भांडतो आहे, असे हे विलक्षण भांडण. अशी फट ज्या लेखकाला आयती मिळते, त्याला गैरसमज मुद्दाम रचावे लागत नाहीत.

इतके सगळे मान्य करूनही मला या पत्रशोकात एक गोष्ट खटकते. हा शोक करतो कोण? ज्यांच्या घरी पत्रे लिहिली जात होती, ते. 1951 च्या शिरगणतीत या देशातल्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम नऊ साक्षर भरल्या होत्या. उरलेल्या एक्क्याण्णवजणींचा गठ्ठा कोणाच्या ट्रंकेत सापडावयाचा? रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत (1910) लिहून ठेवले आहे, की नवरा शिकवीत असताना घरातल्याच बायकांचा त्यांच्या शिकण्याला केवढा विरोध होता. न्यायमूर्तींच्या घरची ही कथा. मग इतरांची काय बोलावी?

आणि ज्या सुनेला लिहिता येत होते, तिचे तरी पत्र तिचे कोठे होते? माहेरी टाकावयाचे कार्ड सासऱ्यांच्या हातून पेटीत पडे, माहेरून आलेले कार्ड ओसरीवर मोठ्याने वाचले जाई. मग तिने लिहावे काय? ‘मी येथे सुखरूप आहे. माझी काळजी करू नये.’ या दोन वाक्यांखाली महाराष्ट्रातल्या किती लेकी पुरल्या गेल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही टपालखात्याजवळ नाही. त्यांच्या आया ती वाक्ये दुसऱ्याकडून वाचवून घेत, आणि अक्षर थरथरले आहे का, हेही त्यांना कळत नसे.

आज हीच आई, अक्षरशत्रू असली तरी, व्हॉट्सॲपवरची ती मायक्रोफोनची खूण अंगठ्याने दाबून धरते आणि बोलते. मध्ये वाचणारा नाही, लिहून देणारा नाही. खेड्यातली म्हातारी आपला आवाज पुण्यात किंवा दुबईत असलेल्या नातवाला कसा पाठवते, हे लेखकाने एकदा शेजारी बसून ऐकावे. ‘जेवलास का?’ असे विचारून ती थांबते. उत्तराला जागा सोडते. समोर कोणी नाही, हे तिला ठाऊक असते. तरी तितका वेळ थांबते, आणि मग ‘बरं’ म्हणून पुढे बोलू लागते. त्या थांबण्यात एक अख्खी कथा आहे. ती लिहावयाची सोडून आम्ही शाईचा वास घेत बसलो आहोत.

मिस्ड कॉलचेच पाहा. 2003 सालापर्यंत आलेल्या फोनलाही पैसे पडत. पुढे आलेला फोन फुकट झाला, तरी केलेल्याचा खर्च होताच. त्या काटकसरीतून लोकांनी एक भाषाच घडविली. एकदा वाजवून बंद केला म्हणजे पोचलो. दोनदा वाजला म्हणजे खाली ये. रात्री दहाला एकदा वाजला म्हणजे... तो अर्थ ज्याच्या त्याच्यापाशी! शब्द नाही, आवाज नाही, दमडीचा खर्च नाही, आणि निरोप पोचला. एवढा नाजूक संकेत जुन्या नाटककाराच्या हाती लागता, तर त्याने त्यावर तीन अंक उभे केले असते. 2016 नंतर बोलणे जवळजवळ फुकट झाले आणि ही भाषा मागे पडली. तिला आमच्या साहित्यात मिळावयास हवी होती ती जागा मिळाली नाही. आता ती लिहिणारा भूतकाळातलीच गोष्ट लिहील.

मोबाइलने वाट पाहणेच संपविले, असे म्हणतात. हे तर मुळीच खरे नव्हे. शाळेत पत्रलेखन शिकवताना सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, ‘सर, पत्र पोचलं की नाही हे लिहिणाऱ्याला कळायचं कसं?’ मी म्हटले, उत्तर आले म्हणजे. ‘आणि नाही आलं तर?’ तर मग ठाऊक नाही, असे म्हटल्यावर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की ‘मग तुमचं बरं होतं’ असे तिला म्हणावयाचे आहे की ‘मग तुम्ही जगत होता कसे’ असे, हे मला ठरविता येईना.

तिच्या प्रश्नात दोन पिढ्यांमधले खरे अंतर आहे. आमची वाट पाहणे आंधळे होते. पत्र हरवले असेल, पोस्टमन आजारी असेल, पत्ता चुकला असेल. मनाला टेकावयास शंभर खुंट्या होत्या. नव्या पिढीची वाट पाहणे डोळस आहे, आणि म्हणून अधिक क्रूर. नोव्हेंबर 2014 पासून व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा आल्या. निरोप पोचला आहे, वाचला गेला आहे, किती वाजता वाचला तेही दिसते. आणि उत्तर मात्र नाही! आता टपालखात्याला दोष देता येत नाही. त्या खुणा झाकून ठेवण्याची सोय आहे. पण आपल्या झाकल्या की दुसऱ्याच्याही दिसत नाहीत, असा त्यात करार आहे. नवरा-बायकोपैकी एकाने एके दिवशी त्या झाकल्या, तर त्या घरात काय झाले असेल? कादंबरीकाराला यापेक्षा अधिक काय द्यावे?

तसेच खोडलेल्या निरोपाचे. पूर्वी लिहून फाडलेले पत्र ज्याच्यासाठी लिहिले त्याला कधीच दिसत नसे. 2017 पासून पाठविलेला निरोपही मागे घेता येतो. पण त्याच्या जागी, निरोप काढून टाकल्याची ओळ उरते. म्हणजे काय लिहिले ते कळत नाही, काहीतरी लिहिले होते एवढे मात्र कळते. वडिलांनी मुलाला पहाटे चार वाजता काही लिहिले आणि पाच वाजता काढून टाकले. मुलगा सातला उठतो. येथून पुढे लिहा म्हणावे! यात बॅटरी संपण्याची गरज नाही.

कुटुंबाच्या ग्रुपची थट्टा करण्याची सध्या रीत आहे. सकाळची गुलाबाची फुले, मामांची औषधे, आत्यांचे सुविचार; थट्टेला जागा आहेच. पण एकत्र कुटुंब मोडल्याचे रडगाणे कादंबऱ्यांतून पन्नास वर्षे गाणाऱ्यांच्या हे लक्षात आलेले नाही, की माजघर परत आले आहे. तेच रुसवे, तेच मुद्दाम न बोलणे, कोणाच्या मुलाच्या गुणांना किती जणांनी हात जोडले याचा तोच हिशेब. फक्त जुन्या माजघरात धाकट्या सुनेला तोंड उघडण्याची मुभा नव्हती, येथे ती आहे. आणि आजेसासऱ्यांच्या निरोपाखाली ती हसरे तोंड टाकते तेव्हा ते नक्की कशाला हसले, हे घरातल्या चारही पिढ्या मनातल्या मनात ठरवीत बसतात. रागाने ग्रुप सोडून जाणे हा पूर्वी जाहीर प्रसंग होता, सर्वांना त्याची ओळ दिसे. 2022 पासून गाजावाजा न करता निघून जाता येते. ग्रुप चालविणाऱ्यालाच तेवढे कळते. मग तो ते कोणाला सांगतो आणि कोणाला सांगत नाही, हे आलेच.

मृत्यूची वार्ता आणणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. ते घरात न नेता बाहेरच वाचावयाचे आणि फाडून टाकावयाचे, अशी चाल होती. मरण उंबऱ्याच्या आत येऊ नये म्हणून. आज गेलेल्या माणसाचा क्रमांक ग्रुपमध्ये काही महिने तसाच असतो. त्याला काढावयास कोणाचा हात होत नाही. त्याच्या वाढदिवसाला एखादी लेक, सर्वांच्या नकळत, त्याच्याच क्रमांकावर दोन शब्द लिहिते. निरोप निघाल्याची एक करडी खूण उमटते. पोचल्याची दुसरी उमटत नाही. ती फोन पालथा ठेवते, आणि थोड्या वेळाने उलटा करून पुन्हा पाहते.