मार्लवाईचा व्यवहार

हायमेनडॉर्फ यांच्या ग्रंथांचा गौरव आपल्याकडे बराच झाला, चिकित्सा क्वचितच. ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ (१९४८) हा अभ्यासकाचा ग्रंथ, तर ‘ट्राइब्ज ऑफ इंडिया : द स्ट्रगल फॉर सर्व्हायव्हल’ (१९८२) हा जुना हिशेब पुन्हा तपासायला बसलेल्या माणसाचा. मला दुसरा अधिक मोलाचा वाटतो.

कुमराम भीम १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडला. पुढल्याच वर्षी हायमेनडॉर्फ आदिलाबादेत आले. ऑस्ट्रियाचे, म्हणून युद्धकाळात इंग्रजांच्या लेखी शत्रुदेशाचे. ज्या सरकारने गोंडांवर गोळ्या झाडल्या, त्याच्याच आश्रयाने त्यांनी गोंडांचे काम केले आणि पुढे त्याच सरकारचे सल्लागारपदही घेतले. एखाद्या तत्त्वनिष्ठाने हे पद झिडकारले असते. खुशाल झिडकारावे, पण मग हजारो कुटुंबांच्या हाती जमिनीचे पट्टे पडले ते कोणी दिले असते?

शाळेचेही तेच. गोंडांच्या जगण्यात बाहेरच्यांनी ढवळाढवळ करू नये अशा मताचा हा माणूस, तरी १९४३ साली मार्लवाईला शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले ते त्यांच्याच पुढाकाराने. कारण उघड होते. ज्याला पावती वाचता येत नाही त्याची जमीन सावकार आणि पटवारी मिळून गिळतात. वाचनमाला गोंडीत, लिपी देवनागरी. वरच्या पायरीवर सरकारदरबारची उर्दू. भाषेचे शुद्धतावादी याला तडजोड म्हणतील. म्हणोत बापडे! पोराला अक्षर आईच्या बोलीत कळते आणि अर्ज मात्र कचेरीच्या भाषेत करावा लागतो.

माझा आक्षेप निराळाच आहे. हा सारा डोलारा भल्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर उभा होता, आणि सेतुमाधवराव पगडींसारखा गोंडी शिकून घेणारा अधिकारी दर तालुक्याला मिळत नसतो. १९५९ चा जमीन हस्तांतरणाचा नियम आला, १९७० साली तो अधिक कडक झाला. जमिनी जायच्या त्या गेल्याच. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला पुन्हा गोंडांवर गोळ्या चालल्या. १९८२ च्या ग्रंथात बाहेरून आलेल्यांवर आणि बदललेल्या प्रशासनावर जेवढा रोख आहे, तेवढा ‘माझ्या योजनेत गोंडांच्या स्वतःच्या संघटनेला जागा किती होती?’ या प्रश्नावर मला दिसत नाही. व्यवहार पत्करणाऱ्याने त्याची किंमतही मांडायला हवी.

मात्र ‘बाहेरून आलेले’ म्हणजे कोण, हे आपण सीमेवरच्या वाचकांनी जरा जपून वाचावे. त्यांत तेलुगू बोलणारे होते, उर्दू बोलणारे होते, तसे आपल्या मायबोलीचेही होते. जमिनीच्या कागदांना जात नसते, पण सहीला भाषा असते. आमच्या मंडळींत या ग्रंथाचा विषय निघाला की गोंडी वाचनमालेला देवनागरी कशी शोभली यावर तासभर बोलणे होते. जमिनीचे पान आले, की कोणीतरी चहा सांगतो.