गुहेला लेणं समजण्याची चूक

मराठीत 'लेणं' आणि 'गुहा' हे दोन वेगळे शब्द आहेत. लेणं माणूस कोरतो, गुहा बहुतेकदा पाणी. आमच्या परभणीकडच्या माणसाला शब्द दोन्ही येतात, पण नजर एकाच गोष्टीची असते. इथे पायाखाली काळा बेसाल्ट. जिंतूरजवळच्या नेमगिरीपासून वेरूळ-अजिंठ्यापर्यंत डोंगराच्या पोटात आपण जे पाहत आलो, ते छिन्नी-हातोडीचं काम. म्हणूनच आंध्रातल्या बोर्रा गुहेत, चुनखडकाच्या त्या प्रचंड पोकळीत शिरलो, तेव्हा माझे डोळे सवयीने मूर्तीच शोधत होते.

आणि मूर्ती मिळत गेल्या. गाइड बॅटरीचा झोत टाकतो: हे शिव-पार्वती, ही मगर, ही ऋषीची दाढी, हा माणसाचा मेंदू. मागे लाल-हिरवे-निळे दिवे. सगळे एका सुरात "हो हो, दिसलं!" म्हणतात, फोटो काढतात, पुढे सरकतात. बाहेर आलो तेव्हा माझ्याकडे डझनभर आकारांची यादी होती आणि गुहेबद्दल सांगण्यासारखं एक वाक्यही नव्हतं.

दोष गाइडचा नाही. आपण जे मागतो तेच तो देतो. श्रद्धेचाही नाही. तिथल्या शिवलिंगाला आसपासचे आदिवासी पूजतात, शिवरात्रीला गर्दी होते. त्यांच्यासाठी तो 'ओळखा पाहू'चा खेळ नाही. खेळ आपण करतो. आकाराला नाव मिळालं की आपल्या लेखी तो दगड पाहून संपतो.

पण त्या दगडाची खरी गोष्ट पावसाची आहे. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, चुनखडक विरघळवत खाली झिरपतं आणि गुहेच्या छतातून ठिबकताना तो वायू सोडून चुन्याचा बारीकसा थर मागे ठेवतं. बोअरच्या पाण्याने बादलीला धरतो ना, तसाच पांढरा थर. फक्त इथे काही सेंटिमीटर वाढायला हजारेक वर्षं लागू शकतात. कमी-जास्त पावसाची खूण त्या थरांत राहते. बोर्राहून जाणारा रेल्वेमार्ग पुढे जगदलपूरला पोचतो. तिथल्या कांगेर खोऱ्यातल्या दंडक गुहेतल्या अशाच एका खांबावरून संशोधकांनी सुमारे नऊशे वर्षांच्या मान्सूनचा माग काढला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चौदाव्या-पंधराव्या शतकांतले कमजोर पावसाचे काळ दिसतात. आपल्याकडे 'दुर्गादेवीचा दुष्काळ' म्हणतात तो याच काळातला. मराठवाड्यातल्या माणसाला मगरीपेक्षा ही गोष्ट जास्त जवळची वाटली असती. ती कुणी सांगितली नाही, मीही विचारली नाही.

दुसरी न सांगितलेली गोष्ट जमिनीची. पर्यटनाच्या माहितीत सर्रास लिहिलेलं असतं, की १८०७ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम किंग जॉर्ज यांनी ही गुहा शोधली. हे सर्वेक्षण खातं स्थापन झालं १८५१ मध्ये! एवढी उघड चूक वर्षानुवर्षं कॉपी-पेस्ट होत राहते, कारण 'शोध कुणी लावला' हे सांगायला एक साहेब मिळाला की आपलं समाधान होतं. तिथे राहणारे आदिवासी त्या वाक्यात कुठेच नसतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात मात्र ते आहेत. बोर्रा राखीव वनक्षेत्र आणि भोवतालच्या गावांमध्ये खाणींसाठी दिलेल्या भाडेपट्ट्यांविरुद्ध 'समता' ही संस्था न्यायालयात गेली. १९९७ साली निकाल लागला: अनुसूचित क्षेत्रातली जमीन, अगदी सरकारी असली तरी, खासगी कंपन्यांना खाणीसाठी भाडेपट्ट्याने देता येणार नाही. आदिवासींच्या जमीनहक्कांबद्दल देशभर ज्याचा हवाला दिला जातो, तो 'समता निकाल' याच डोंगरातला. गुहेच्या तिकिटासोबत एवढी एक ओळ मिळाली असती, तर आपण कुणाच्या अंगणात उभे आहोत हे तरी कळलं असतं.

दिव्यांबद्दलही बोलायला हवं. गुहेत सतत प्रकाश ठेवला की दिव्यांभोवतीच्या दगडावर शेवाळ धरतं, ही जगभरच्या पर्यटन-गुहांची डोकेदुखी आहे. फ्रान्सने लास्को गुहा १९६३ मध्ये लोकांसाठी बंद केली, त्यामागे प्रेक्षकांचा श्वास आणि असंच हिरवं शेवाळ होतं. बोर्रा बंद करा असं मी म्हणत नाही. पायऱ्यांपुरता साधा प्रकाश ठेवा आणि दोन मिनिटं सगळे दिवे मालवून थेंबांचा आवाज ऐकू द्या, एवढंच.

बाहेर आल्यावर गाइडला विचारता आलं असतं: तुमचं गाव कोणतं, खाणींच्या वेळचं घरी कुणाला आठवतं का? मी तेव्हा मगरीचा फोटो नीट आलाय का, ते बघत होतो.