कानावरची लेखणी

वह्या तपासताना घाई असली की मी ‘छान’ असा शेरा मारतो. ‘छान’ म्हणजे सरांनी वाचलेले नाही, हे आता सातवीच्या मुलांनाही कळून चुकले आहे. आपल्या पुस्तक-परीक्षणांचे याहून वेगळे काय आहे? प्रकाशन समारंभात प्रत्येक शायर युगप्रवर्तक ठरतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा संग्रह ‘सप्रेम भेट’ म्हणून फुकट वाटला जातो.

या दुखण्यावर उर्दूत एक हकीम होऊन गेला : मुश्फिक ख्वाजा (१९३५-२००५). जन्म लाहोरचा, कर्मभूमी कराची. नवी पुस्तके, मुशायरे, सत्कार, अदबी भांडणे यांवर ते ‘खामा-बगोश’ या नावाने विनोदी सदर लिहीत. आधी ‘जसारत’ दैनिकात, पुढे ‘तकबीर’ साप्ताहिकात. खामा म्हणजे लेखणी, गोश म्हणजे कान. कानावर लेखणी खोचलेला मुन्शी डोळ्यांपुढे आणा!

त्यांची तऱ्हा न्यारी. ते लेखकाला झोडपत नाहीत. त्याने स्वतःविषयी केलेले दावे, मित्रांनी उधळलेली स्तुती ते अगदी गंभीर चेहऱ्याने खरी मानतात आणि आणखी दोन पायऱ्या वर चढवतात. मग ती स्तुती आपल्याच वजनाने कोसळते.

पण हा माणूस नुसता टवाळ नव्हता. उर्दू हस्तलिखितांची सूची त्यांनी सिद्ध केली, यगाना चंगेजींचे समग्र काव्य संपादित केले. एवढे वाचणाऱ्याला हसण्याचा हक्क पोहोचतो. माझी तक्रार एकच. त्यांचा बाण कधीकधी अगदी चिमुकल्या पाखरावरही सुटतो. आज बाण तेवढा आठवतो, पाखराचे नाव कोणाला ठाऊक नाही.

तरीही अशा हसण्याने भाषा मरत नाही. अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये कवींची यथेच्छ थट्टा केली; मराठी कविता काही ओस पडली नाही. आपण मात्र म्हणतो, लिहिणारे आधीच मूठभर, आपलाच माणूस आहे, कशाला दुखवा?

मीही एका दोस्ताच्या संग्रहावर न वाचताच चार गोड ओळी लिहिल्या होत्या. त्याने भेटल्यावर विचारले, “कोणती गझल आवडली?” मी म्हणालो, “सगळ्याच.” तो गप्प झाला. खामा-बगोशच्या टोमण्यानेही तो एवढा दुखावला नसता. टोमणा मारण्यासाठी निदान पुस्तक उघडावे तरी लागते.

तेव्हापासून शेरा द्यायला मला उशीर होतो. पण आता त्यात पान क्रमांक असतो.