ऐकलेली कविता आणि वाचलेली कविता : बहिणाबाईंच्या गीतांच्या आधारे वाचनशिक्षणाचा विचार

प्रस्तावना :
प्राथमिक वर्गात धडा वाचण्यासाठी आणि कविता म्हणण्यासाठी, अशी विभागणी नकळत रूढ झाली आहे. त्यामुळे चालीवर कविता म्हणणारा विद्यार्थी वाचतो आहे की केवळ आठवतो आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. २०२१ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर प्रत्येक बालकास समजपूर्वक वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. या पार्श्वभूमीवर खान्देशातील कवितेची वाचनशिक्षणातील उपयुक्तता तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कंठातून कागदावर :
जळगावजवळील आसोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) निरक्षर होत्या. घरकाम व शेतकाम करताना त्यांनी रचलेली गाणी पुत्र सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवली. आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती १९५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. जी कवयित्री वाचू शकत नव्हती, तिची रचना पुढे वाचनपाठ ठरली, यातील विरोधाभास अर्थपूर्ण आहे. ही कविता आधी कानाची आहे, नंतर डोळ्यांची. वाचायला शिकणाऱ्या बालकाचा प्रवासही याच दिशेने होतो.

या गीतांच्या ओळी प्रायः आठ अक्षरांच्या आहेत. एवढी ओळ नवशिक्या वाचकाच्या नजरेत सहज मावते. यमकाचाही येथे विशेष लाभ होतो. ब्रॅडली व ब्रायंट यांनी १९८३ मध्ये इंग्रजी बालकांच्या संदर्भात यमकाची जाण आणि पुढील वाचन यांचा संबंध दाखविला. परंतु इंग्रजीत कानाला जुळणारे यमक लेखनात वेगळे दिसू शकते. देवनागरीत ऐकू येणारे यमक बहुधा डोळ्यांनाही तसेच दिसते. म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा उचलण्यापेक्षा मराठी अक्षराच्या अंगाने त्याचा विचार व्हावयास हवा.

बोलीचा प्रश्न :
लेवा गणबोलीतील 'डोया', 'पानी', 'मानूस' यांसारख्या शब्दांमुळे प्रमाणलेखन बिघडेल, असा आक्षेप घेतला जातो. म्हणून अशा शब्दांना शब्दार्थांच्या यादीत टाकले जाते आणि घरातील शब्दच विद्यार्थ्याला 'कठीण' म्हणून भेटतो. वास्तविक 'डोया' व 'डोळा' शेजारी लिहिले की कोणते अक्षर बदलले, हे त्याला स्वतः शोधता येते. लिपी ही उच्चाराची खूण आहे, हा बोध त्यातून होतो. मात्र, पिंप्राळ्यासारख्या जळगाव शहराला जोडल्या गेलेल्या वस्तीत सर्वांची घरची भाषा एकच असेल, असे गृहीत धरता येणार नाही. ज्याच्या घरी उर्दू किंवा पावरी बोलली जाते, त्याला ही बोलीही नवीनच असते. त्याच्या घरच्या गाण्यालाही फळ्यावर स्थान मिळणे आवश्यक आहे.

पाठांतराची मर्यादा :
तथापि, पाठ झालेली कविता म्हणजे वाचलेली कविता नव्हे. प्रथम कविता ऐकवावी. नंतर म्हणताना प्रत्येक शब्दावर बोट ठेवण्यास सांगावे. पुढे ओळींच्या पट्ट्या विस्कटून पुन्हा लावून घ्याव्यात. शेवटी त्याच कवितेतील मुद्दाम न ऐकवलेले एक कडवे द्यावे. तेथे स्मरणशक्ती साहाय्यास येत नाही. जे काही घडते, ते वाचनच असते. बहुतेक वर्गांत हीच शेवटची पायरी गळते आणि गायनातील यशालाच वाचनातील यश समजले जाते.

उच्चार साधला, तरी अर्थाचा प्रश्न उरतोच. धरणगाव येथे जन्मलेल्या बालकवींची (१८९०-१९१८) 'औदुंबर' ही अवघ्या आठ ओळींची कविता याचे उत्तम उदाहरण होय. तिचे शब्द वाचता येतात, पण अखेरच्या प्रतिमेविषयी समीक्षकांतही एकमत नाही. म्हणून वरच्या इयत्तांत अशा कवितेचा 'सारांश' सांगून मोकळे होण्याऐवजी विद्यार्थ्याला पुन्हा ओळीकडे वळविणे उचित ठरते.

निष्कर्ष :
कविता वाचनाचे प्रवेशद्वार होऊ शकते. परंतु विद्यार्थ्याला दारातच गात उभे ठेवणे ही त्याची फसवणूक आहे. ज्या प्रदेशातील विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले, तेथील अध्यापक-शिक्षणात तरी तोंडपाठ म्हणणे आणि वाचणे यांतील हा भेद अभ्यासविषय व्हावा.