मद्यप्याचे निवेदन आणि त्याचा श्रोता

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकात सुधाकराचे बोलणे ऐकणारी माणसे कमी नाहीत. सिंधू ऐकते, रामलाल ऐकतो. तळीराम तर त्यासाठी टपलेलाच असतो. तरीही सुधाकर अखेरपर्यंत एकाकीच राहतो. १९१९ साली, लेखकाच्या निधनानंतर रंगभूमीवर आलेल्या या शोकांतिकेची मीमांसा बहुधा नायकाचा मानी स्वभाव, सिंधूचे पातिव्रत्य आणि गडकऱ्यांचे भाषावैभव यांभोवती फिरत आली आहे. सुधाकर बोलतो तो कोणाशी, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला.

मद्यपानाने माणूस पायरीपायरीने कसा ढासळतो आणि मागे फिरणे त्याला का अशक्य होते, हे सुधाकर रामलालला समजावून सांगतो तेव्हा त्याच्यातील वकील जागा झालेला असतो. आपल्याच विरुद्ध त्याने चालविलेला तो खटला आहे. रामलाल सज्जन आहे, सुशिक्षित आहे, मित्रावर त्याचे निरतिशय प्रेम आहे. पण त्याने प्याला कधी ओठाला लावलेला नाही. तो उपदेश करू शकतो, हळहळू शकतो. ‘माझेही असेच झाले होते’ एवढे एक वाक्य मात्र त्याच्यापाशी नाही.

मद्यपी जेथे समानतेने एकत्र येतात असे या नाटकातील स्थळ एकच, आणि ते म्हणजे आर्यमदिरामंडळ! गडकऱ्यांनी त्यात तत्कालीन सभासंस्थांची यथेच्छ टवाळी केली आहे, आणि प्रेक्षक हसतातही. परंतु त्या विनोदाखाली एक कठोर निरीक्षण आहे. पिणाऱ्याला सोबत मिळते. सोडू पाहणाऱ्याला ती मिळत नाही. सुधाकर शपथ घेतो, उद्योगाच्या शोधात जुन्या परिचितांकडे जातो, अपमानित होऊन परततो आणि पुन्हा पितो. त्या अपमानाच्या आणि त्या प्याल्याच्या मधल्या वेळात त्याने कोणाकडे जावे? भगीरथ व्यसनातून बाहेर पडतो हे खरे. पण तो रामलालच्या प्रेरणेने लोकसेवेकडे वळतो, आणि त्याचा अनुभव सुधाकराच्या सुटकेचे साधन होत नाही.

नेमक्या याच मधल्या वेळात १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी न्यूयॉर्कचा एक रोखेदलाल उभा होता. काही महिन्यांपूर्वी दारू सोडलेला बिल विल्सन व्यवहार फिसकटल्यामुळे हॉटेलच्या दालनात येरझारा घालीत होता. एका टोकाला मद्यगृहाचा गलबला, दुसऱ्या टोकाला दूरध्वनी. त्याने चर्चच्या यादीवरून दूरध्वनी केले ते उपदेश मागण्यासाठी नव्हे. त्याला एखादा दारूग्रस्त माणूस भेटायला हवा होता. भेटला तो डॉ. बॉब स्मिथ हा शल्यचिकित्सक. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेला हा गृहस्थ सहा तासांहून अधिक काळ बसला. त्याला प्रार्थना आणि सदुपदेश यांची वाण नव्हती; त्यासाठीच्या एका गटात तो आधीपासून जात होता, आणि तरीही पीत होता. नवे होते ते एवढेच की, समोरचा माणूस स्वतःची हकीकत सांगत होता. मध्यंतरी एकदा घसरून बॉबने १० जून रोजी शेवटचा प्याला घेतला. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ हा दिवस आपला आरंभ मानते.

भारतात १९५७ पासून रुजलेल्या या सभेला कीर्तनाची उपमा देण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. कीर्तनात कीर्तनकार उभा आणि श्रोते बसलेले, हे नाते पालटत नाही. येथे आजचा श्रोता उद्याचा वक्ता असतो. फी नाही, दारू सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता. एकजण बोलत असता दुसरा सल्ला देत नाही. आडनाव सांगितले जात नाही, आणि जेथे आडनावावरून जात आणि गाव ओळखले जाते अशा मराठी समाजात या संकेताला अमेरिकेत नसलेला एक अर्थ येतो.

भाषांतरकाराची खरी कसोटी पहिल्याच वाक्यात लागते. ‘दारुडा’ ही शिवी, ‘मद्यपी’ पुस्तकी, ‘व्यसनी’ फार सैल. मराठी सभांतूनही ‘अल्कोहोलिक’ हाच शब्द कानी पडतो. परका असल्यामुळे त्याला अजून घरच्या लाजेचा वास लागलेला नाही. त्याहून अवघड आहे क्रियापद. वीस वर्षे थेंबही न घेतलेला माणूस ‘होतो’ म्हणत नाही, ‘आहे’ म्हणतो. आपल्या उद्धारकथा ‘सुटली’ या पूर्ण भूतकाळावर संपतात, शोकांतिका मृत्यूवर. या निवेदनाला शेवटच नाही. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या या संघटनेच्या मूळ ग्रंथातील आत्मकथने साहित्य म्हणून वाचताना एकसुरी वाटतात, हेही नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्या एकसुरीपणातच नवख्याला आपली ओळख पटते. समीक्षकाला जो दोष, तो त्याला आधार.

मराठीत हा सूर अनिल अवचट यांच्या गद्यात ऐकू येतो. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणविषयी लिहिताना ते रुग्णाची कहाणी निवाडा न करता ऐकतात, आणि व्यसनातून बाहेर पडलेलाच पुढे तेथे दुसऱ्याला हात देताना दिसतो. सुधाकर घरी परततो त्या वाटेवर असा कोणी उभा नव्हता. वाट पाहात होता तो तळीराम.