बी.ए.एम.एस. प्रथम व्यावसायिक अभ्यासक्रमातील विज्ञान-अध्यापन : एक चिकित्सा

प्रास्ताविक

प्राचीन वैद्यकशास्त्र आणि आधुनिक विज्ञान यांचा मेळ शिक्षणात कसा घालावा, हा भारतातील जुना वाद आहे. चोप्रा समितीने १९४८ च्या अहवालात समन्वयाची बाजू घेतली, तर व्यास समितीने १९६३ मध्ये ‘शुद्ध आयुर्वेदा’चा आग्रह धरला. पुढे १९७० च्या कायद्याने केंद्रीय परिषदेकडे आणि २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय आयोगाकडे अभ्यासक्रमाचे नियमन आले. महाराष्ट्रात १९९८ साली स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत आधुनिक वैद्यक, आयुर्वेद, युनानी व होमिओपॅथी या शाखा एकत्र आल्या. तथापि, एका विद्यापीठात नांदणे म्हणजे एकात्म होणे नव्हे. प्रत्यक्ष वर्गात दोन ज्ञानपरंपरा कशा भेटतात, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अभ्यासक्रमाची मांडणी

२०२२ च्या नियमांनुसार बी.ए.एम.एस. चा अभ्यासक्रम प्रत्येकी १८ महिन्यांच्या तीन व्यावसायिक टप्प्यांचा असून त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता आहे. पहिल्या टप्प्यात संस्कृत व आयुर्वेदाचा इतिहास, पदार्थविज्ञान, क्रियाशारीर, रचनाशारीर व संहिता अध्ययन हे विषय आहेत. बारावीपर्यंत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र शिकून आलेला विद्यार्थी येथे प्रथमच दोष, धातू, मल या संकल्पनांना सामोरा जातो. रचनाशारीरात त्याला शवविच्छेदनही करावे लागते आणि संहितेतील शरीरवर्णनही अभ्यासावे लागते. दोन्ही जुळली नाहीत तर काय करावे, हा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही.

अस्थिसंख्येचे उदाहरण

चरकसंहितेत अस्थींची संख्या ३६०, सुश्रुतसंहितेत ३०० आणि आधुनिक शरीररचनाशास्त्रात प्रौढ माणसाची हाडे २०६ आहेत. विद्यार्थी हे तिन्ही आकडे पाठ करतो. चरकाच्या गणनेत ३२ दात, दातांची ३२ उलूखले व २० नखे, म्हणजे एकूण ८४ घटक अंतर्भूत आहेत. सुश्रुताने तरुणास्थी आणि दात हेही अस्थींचेच प्रकार मानले. म्हणजे फरकाचा काही भाग निरीक्षणाचा नसून ‘अस्थी’ कशाला म्हणावे या व्याख्येचा आहे. परंतु सर्व फरक व्याख्येने मिटत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

नवजात अर्भकाची हाडे तीनशेच्या आसपास असतात, म्हणून सुश्रुताचा आकडा अचूकच होता, असा युक्तिवाद काही वेळा केला जातो. तो टिकत नाही. सुश्रुताने शाखांत १२०, मध्यशरीरात ११७ व मानेपासून वर ६३ अस्थी मोजल्या. या ६३ मध्ये ३२ दात आहेत. बत्तीस दातांचे अर्भक असू शकत नाही. मूळ ग्रंथ बारकाईने वाचला असता, तर ग्रंथाच्या गौरवासाठी असा दुबळा आधार घ्यावा लागला नसता.

समीकरणाची पद्धत

हीच प्रवृत्ती क्रियाशारीरात अधिक ठळकपणे दिसते. वात म्हणजे मज्जासंस्था, पित्त म्हणजे चयापचय, ओज म्हणजे रोगप्रतिकारशक्ती, अशी समीकरणे मांडली जातात. गणनाथ सेन यांनी ‘प्रत्यक्षशारीरम्’ या ग्रंथात आधुनिक शरीररचना संस्कृतात आणून परिभाषेची मोठी सोय केली, हे निर्विवाद. परंतु परिभाषा जुळवणे आणि संकल्पना एकरूप ठरवणे या भिन्न गोष्टी आहेत. समीकरणामुळे आयुर्वेदीय संकल्पनेचा स्वतंत्र अर्थ हरवतो आणि आधुनिक संकल्पनेमागील प्रयोगसिद्ध पुरावाही. बनारस हिंदू विद्यापीठातील क्रियाशारीराचे प्राध्यापक किशोर पटवर्धन यांनी २०२२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये स्वतःच्याच पूर्वीच्या अशा अन्वयार्थांवर जाहीर टीका केली. ही टीका परंपरेच्या आतून आली, हे तिचे महत्त्व.

उपाय अभ्यासक्रमातच

विशेष म्हणजे, या विसंगतीचा विचार करण्याचे साधन त्याच टप्प्यातील पदार्थविज्ञानात उपलब्ध आहे. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती ही चरकोक्त प्रमाणे विद्यार्थी तेथे शिकतो. पण विच्छेदनगृहात ती वापरत नाही. सुश्रुताने तर ग्रंथज्ञानाला प्रत्यक्षाची जोड अनिवार्य मानली. शव गवताने वेष्टून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे आणि नंतर कुंच्याने हळूहळू घासत एकेक अवयव पाहावा, असा विधी त्याने दिला आहे. या पद्धतीत कोणत्या रचना टिकतील आणि कोणत्या नष्ट होतील, असा एक प्रश्न परीक्षेत विचारला, तरी पाठांतराची जागा विचार घेऊ शकेल.

समारोप

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात रुग्णाला भेटणारा पहिला डॉक्टर अनेकदा बी.ए.एम.एस. पदवीधर असतो. परस्परविरोधी विधाने न तपासता एकत्र बाळगण्याची सवय त्याला पहिल्याच टप्प्यात लागली, तर तिची किंमत रुग्णाला मोजावी लागते. म्हणून एकात्मतेचा निकष दोन्ही शास्त्रांना किती तासिका मिळतात हा नसावा. मतभेदाच्या ठिकाणी पुरावा कसा तपासावा हे विद्यार्थ्याला येते की नाही, हा असावा. ‘शुद्ध’ की ‘मिश्र’ या जुन्या वादातून बाहेर पडण्याचा मार्ग आयुर्वेदाच्या प्रमाणविचारातच आहे. तो अध्यापकांनी वर्गात आणि प्रश्नपत्रिकेत उतरवला पाहिजे.