युद्धप्रचाराच्या फिती आणि आपली उपेक्षा

व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) आपण देशभक्तीची कथा म्हणून पाहत आलो. तो युद्धप्रचाराच्या गरजेतून जन्मला, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मवर नियंत्रण आले, आणि परवाना मागणाऱ्या निर्मात्यांकडून सरकार युद्धकार्याला पोषक चित्रपट मागू लागले. शांतारामांनी कथा निवडली ती सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांची. काँग्रेसने १९३८ साली चीनला धाडलेल्या पाच डॉक्टरांपैकी हे एक. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते तिथेच वारले. शत्रू जपानी, म्हणून सरकार संतुष्ट; नायक काँग्रेसचा, म्हणून प्रेक्षकही. चित्रपटातले चिनी हिंदी बोलतात आणि जपानी केवळ क्रूर असतात, हा भाग आम्हांला कच्चाच वाटतो. पण चिनी सून सोलापूरच्या घरी येते तो शेवट आजही गलबलून टाकतो.

आपल्या शेजारच्या खंडव्याच्या अशोककुमारांच्या 'किस्मत'ने (१९४३) हीच युक्ती केली होती. बडनगरच्या कवी प्रदीपांनी गीतात जर्मन-जपान्यांची नावे घातली. प्रेक्षकांनी ते इंग्रजांना उद्देशून ऐकले.

हे दोन्ही चित्रपट लोकांनी आपले मानले, म्हणून टिकले. ज्यांना कोणी आपले म्हटले नाही, त्यांचे काय? १९४३ पासून 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया'चे माहितीपट निघत, आणि प्रत्येक चित्रगृहाला खेळामागे २,००० फूट सरकारमान्य फिल्म दाखवणे सक्तीचे होते. लोकांना ती नकोशी वाटे. १९४६ साली ती संस्थाच बंद झाली. परिणामी १५ ऑगस्ट १९४७ टिपायला सरकारचे स्वतःचे चित्रपथकही उरले नाही. त्या काळातल्या कितीतरी फिती लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमने जपल्या, आणि २०१० मध्ये वसाहतकालीन चित्रपटांची ब्रिटिश सूची प्रसिद्ध झाल्यावर अभ्यासकांना त्यांचा माग लागला. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ चे, पी. के. नायरांनी ते जिद्दीने उभे केले, तरी ८ जानेवारी २००३ च्या आगीत नायट्रेटच्या फितींचा मोठा ठेवा गेला.

निवेदकाचा आवाज सरकारचा असेल. कॅमेऱ्यापुढचा विणकर, शेतकरी, शिपाई सरकारने बनवलेला नव्हता. निवेदन खोटे म्हणून चित्रही फेकून द्यायचे, हा आपला न्याय आम्हांला मान्य नाही. मात्र निवेदन पुसून केवळ चित्रे दाखवणे हीही लबाडीच. प्रचार प्रचार म्हणूनच जपला पाहिजे.

बुऱ्हाणपुरातल्या आपल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर एखादा पत्र्याचा गोल डबा असेल, तर निमाडच्या उन्हाळ्यापासून तो दूर ठेवावा. उघडताच आंबुस वास आला, तर फीत झिजू लागली आहे असे समजावे. जुन्या नायट्रेटच्या फितीजवळ दिवा नेऊ नये. आणि डबा रद्दीवाल्याला देण्याआधी आम्हांला एकदा विचारावे.